एका बांधावरची भाऊबंदकी

कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातील गंडरादित्य या राजाने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात मिरज प्रांतातल्या इरुकुडी गावी एक मोठा तलाव बांधला. नाव ठेवले स्वतःचेच, गंडसमुद्र. त्याच्या काठावर त्याने तीन देव बसवले : ईश्वर म्हणजे शिव, बुद्ध आणि अर्हत म्हणजे जिन. तिघांच्याही पूजेअर्चेसाठी स्वतंत्र जमिनी तोडून दिल्या. याच राजाने प्रयागला लाखभर ब्राह्मणांना जेवू घातल्याची नोंद आहे आणि आजऱ्याचे जैन मंदिरही त्यानेच बांधले. त्यानंतर पन्नासेक वर्षांतच, मिरजेपासून काही दिवसांच्या वाटेवर, आजच्या कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यात अब्बलूर येथे एकांतद रामय्या नावाच्या शिवभक्ताने जैनांशी पैज लावली. आपले शिर कापून शिवाला वाहीन आणि ते पुन्हा धडावर आणून दाखवीन. जमले, तर तुमच्या बसदीतला, म्हणजे जैन मंदिरातला, जिन हलवून तिथे शिव बसवायचा. शिर परत आले, जैनांनी शब्द फिरवला आणि रामय्याने मूर्ती फोडली, असे तिथला सुमारे 1200 सालचा शिलालेख सांगतो. सांगतो म्हणजे मिरवतो. शिर परत येण्यावर कोणी विश्वास ठेवावा की नाही हे सोडून देऊ. मूर्ती फोडणे ही दगडावर कोरून मिरवण्याची गोष्ट वाटली, एवढे तरी त्यातून ठरते.

हिंदू, बौद्ध आणि जैन यांच्या नात्याबद्दल आज आपल्याकडे जो वाद चालतो त्यातला एक पक्ष गंडसमुद्राच्या काठावर उभा असतो, तर दुसरा अब्बलूरच्या देवळात. पहिला म्हणतो, या सगळ्या एकाच वटवृक्षाच्या पारंब्या, भांडण इंग्रजांनी लावून दिले. दुसरा म्हणतो, दोन हजार वर्षे इथे एकच युद्ध चालू आहे, बाकी सगळा देखावा. दोघांकडेही पुरावे आहेत आणि दोघेही समोरच्याचा पुरावा खिशात घालून मोकळे होतात. मला वाटते, या नात्यासाठी मराठीत एक नेमका शब्द पडून आहे, तो म्हणजे भाऊबंदकी. ज्यांचा बांध एक, विहीर एक, देवघरातल्या निम्म्या गोष्टी एक, त्यांच्यातच भाऊबंदकी होते. परक्याशी माणूस व्यवहार करतो, वाटणीवरून भांडतो तो भावाशीच. एकमेकांच्या लग्नात राबणारी आणि त्याच आठवड्यात कोर्टाची तारीख गाठणारी घरे आपण पाहतो, तेव्हा यांतले खरे काय असा प्रश्न आपल्याला पडत नाही. इतिहासाच्या बाबतीत मात्र तो हटकून पडतो.

हे नाते जुन्या भाषेतच उमटलेले आहे. वैदिक परंपरेतले आणि तिच्या बाहेरचे, अशा दोन्ही प्रकारच्या धार्मिक पुरुषांना मिळून प्राचीन काळी ‘श्रमण-ब्राह्मण’ असा जोडशब्द वापरत. श्रमणांत बौद्ध आले, जैन आले, आजीवक आले. पाणिनीच्या व्याकरणात कायमचे वैर असलेल्यांच्या जोडशब्दासाठी एक स्वतंत्र नियम आहे. साप-मुंगूस, कावळा-घुबड ही त्याची ठरलेली उदाहरणे. पतंजलीने महाभाष्यात त्याच संदर्भात श्रमण-ब्राह्मण ही जोडी दिली. युद्धवाल्यांना हे उदाहरण फार आवडते आणि ते आवडण्यासारखे आहेच. पण पतंजलीच्या शंभरेक वर्षे आधी अशोकाने हीच जोडी आपल्या आज्ञांमध्ये पुन्हा पुन्हा वापरली, ती दोघांनाही दान द्या, दोघांशीही नीट वागा हे सांगण्यासाठी. त्याच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखाचे तुकडे आपल्या नालासोपाऱ्यात सापडले आहेत. एकाच शब्दात व्याकरणकाराला वैर दिसले आणि राजाला जबाबदारी. त्यात विसंगती नाही. राजाला पुन्हा पुन्हा समजूत घालावी लागत होती, ती काही उगाच नव्हे.

पुस्तके सोडून महाराष्ट्रातल्या डोंगरांकडे वळले की चित्र आणखी गुंतागुंतीचे होते. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाईगुरांची लांबलचक यादी आहे. सुरुवात इंद्र, संकर्षण-वासुदेव अशा देवतांच्या वंदनेने होते. म्हणजे घराणे पक्के वैदिक वळणाचे. पण याच घराण्यातल्या कण्ह राजाच्या काळात नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे आपल्या पांडवलेण्यांत, श्रमणांची व्यवस्था पाहणाऱ्या महामात्राने बौद्ध भिक्षूंसाठी लेणे कोरवून घेतले. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात सातवाहन राजा गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने त्याच डोंगरावरचे तिसऱ्या क्रमांकाचे भव्य लेणे भदायनीय भिक्षुसंघाला दिले. त्या दानलेखात ती आपल्या दिवंगत मुलाची थोरवी गाते, ती काय म्हणून? तो अद्वितीय ब्राह्मण होता आणि त्याने चार वर्णांचा संकर थांबवला म्हणून. वर्णव्यवस्थेच्या रक्षणाचा अभिमान बौद्ध विहाराच्या ओसरीत कोरलेला आहे. कोरणाऱ्याला, कोरवून घेणारीला आणि रोज त्याखालून ये-जा करणाऱ्या भिक्षूंनाही त्यात काही खटकल्याची खूण नाही. आजच्या दोन्ही पक्षांची इथे पंचाईत होते.

गौतमीपुत्राच्या शत्रूपक्षाकडेही हाच प्रकार. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख त्याच डोंगरावर दहाव्या लेण्यात आहेत. त्याने तीन लाख गाई दान दिल्या, देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावे दिली, प्रभासला ब्राह्मणांची लग्ने लावून दिली, वर्षाला एक लाख ब्राह्मण जेवू घातले. हे सगळे सांगून झाल्यावर तो मुद्द्यावर येतो : हे लेणे चारी दिशांच्या भिक्षुसंघासाठी. मग हिशेब. गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000 कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने आणि दुसऱ्या श्रेणीकडे 1000 कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने, कायमची ठेव. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज होते 240, ते लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंच्या चीवरांसाठी, प्रत्येकी बारा. आकडे तंतोतंत जुळतात. या लेखांत तत्त्वज्ञानाचा एक शब्द नाही; ब्राह्मण, भिक्षू आणि विणकर एकाच पैशाच्या फेऱ्यात बसलेले आहेत. वाटणीचा वाद होतो तो अशाच सामाईक मालमत्तेवरून.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलका नाही. हे राजेरजवाडे; त्यांना सगळ्यांना खूश ठेवायचे असते. त्यांच्या दानावरून समाजात सलोखा होता असे कसे म्हणायचे? सलोखा होता असे मी म्हणतच नाही. पण राजकारण म्हणून जरी पाहिले तरी तिन्ही पंथांचे पाठबळ मिळवण्याजोगे होते आणि एकाला जवळ करताना दुसऱ्याला दूर लोटण्याची गरज वाटत नव्हती, हे त्यातून निघतेच. शिवाय दाते केवळ राजे नव्हते. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे खांब धेनुकाकट या व्यापारी गावच्या लोकांनी दिले आहेत, त्यांत स्वतःला यवन म्हणवणारे कितीतरी आहेत. कान्हेरीला आणि जुन्नरला व्यापारी, कारागीर, गृहिणी, भिक्षुणी यांची नावे दिसतात. आणि राजांतही सगळेच हिशेबी नव्हते. राष्ट्रकूट अमोघवर्ष (814 ते 878) हा आदिपुराणकार जिनसेनाचा भक्त. जैन परंपरा त्याला आपला मानते आणि गणितसारसंग्रह लिहिणारा जैन गणिती महावीराचार्य त्याची स्तुती करतो. हाच अमोघवर्ष प्रजेवरचे संकट टळावे म्हणून महालक्ष्मीला स्वतःचे बोट कापून वाहतो, असे शके 793 म्हणजे 871 सालचा संजाणचा ताम्रपट सांगतो. ही महालक्ष्मी कोल्हापूरची, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्याच राज्यात, त्याच्याच मांडलिक शिलाहारांच्या अमलाखाली, कान्हेरीच्या बौद्ध विहाराला शके 775 आणि 799 मध्ये दाने मिळत होती. त्याच्या नावावर असलेले ‘प्रश्नोत्तररत्नमालिका’ हे छोटे नीतिकाव्य दिगंबर जैन अमोघवर्षाचे म्हणतात, श्वेतांबर विमलाचे आणि अद्वैती शंकराचार्यांचे. पुस्तकाच्या मालकीवरून हजार वर्षे वाद चालतो, याचा अर्थ ते पुस्तक तिघांच्याही घरात वाचले जात होते.

आता इथून उडी मारून ‘म्हणजे शेवटी सगळे एकच’ या निष्कर्षावर येणारे बरेच आहेत. तिथे मी थांबतो. दाते सैल होते, पण विचारवंत तसूभरही सैल नव्हते. बौद्ध दिङ्नागाने प्रमाणशास्त्राची मांडणी केली, तिला उत्तर द्यायला नैयायिक उद्द्योतकराने न्यायवार्त्तिक लिहिले. धर्मकीर्तीने वेदप्रामाण्यावर आणि आत्म्याच्या कल्पनेवर घाव घातले, कुमारिलाने वेदांच्या बाजूने बौद्धांशी दावा मांडला, जैन अकलंकाने अनेकान्ताच्या बाजूने बौद्धांना धारेवर धरले. आत्मा आहे की नाही, जग कोणी घडवले की नाही, वेद प्रमाण की नाही, हे किरकोळ मतभेद नव्हेत. त्यावर आयुष्ये वेचलेली आहेत. पण भांडणाची रीत पाहा. आठव्या शतकात बौद्ध शांतरक्षिताने ‘तत्त्वसंग्रह’ लिहिला, त्यात कुमारिलाची कितीतरी वचने जशीच्या तशी उतरवून मग ती खोडली. भारतातून बौद्ध विद्यापीठे गेली, मूळ संस्कृत ग्रंथ गडप झाला, आणि आधुनिक काळात त्याची पोथी हाती आली ती जैन ग्रंथभांडारातून. ब्राह्मणाचा युक्तिवाद बौद्धाने उतरवला आणि बौद्धाचे पुस्तक जैनांनी सांभाळले. प्रतिपक्षाचे म्हणणे नीट माहीत असल्याशिवाय आपले मांडता येत नाही, एवढी साधी व्यावसायिक निष्ठा त्यामागे होती. तिला सर्वधर्मसमभाव म्हणणे हा त्या पंडितांवर अन्याय आहे.

एकमेकांचे देव आणि नायक घेण्याची रीतही अशीच दुधारी. विष्णूच्या अवतारांत बुद्ध आला हे कौतुकाने सांगितले जाते. पण विष्णुपुराणादी जुन्या पुराणांत विष्णूचे हे रूप असुरांना वेदमार्गावरून चळवण्यासाठी आलेली मोहमाया आहे. भागवताने ऋषभदेवालाही अवतारांत घेतले. जैनांनी परतफेड व्याजासकट केली : विमलसूरीने महाराष्ट्री प्राकृतात लिहिलेल्या ‘पउमचरिय’त राम अहिंसक जैन होतो, रावणाला लक्ष्मण मारतो आणि त्यापायी नरकात जातो; कृष्ण हा नेमिनाथाचा चुलतभाऊ ठरतो आणि त्याला पुढच्या युगातले तीर्थंकरपद मिळण्याआधी शिक्षा भोगावी लागते. वज्रयानी बौद्धांचा त्रैलोक्यविजय तर शिव-पार्वतीच्या अंगावर पाय देऊनच उभा असतो. दुसऱ्याच्या देवाला आपल्या घरात जागा द्यायची, पण खालच्या पायरीवर, हा तिघांचाही खेळ होता. म्हणून 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये ‘बुद्ध हा विष्णूचा अवतार मी मानणार नाही’ अशा आशयाची प्रतिज्ञा आली, तेव्हा बाबासाहेब आंबेडकर कुठले तरी नवे भांडण उकरून काढत नव्हते. त्या जुन्या खेळातली धाकट्याची जागा नाकारत होते.

आणि थोरले-धाकटे हे तरी कोणी ठरवायचे? वेद बुद्ध-महावीरांच्या आधीचे, यात शंका नाही. पण देवळे, मूर्ती, पुराणे, मठ, व्रते आणि शाकाहाराची प्रतिष्ठा यांनी मिळून बनलेला जो धर्म आज आपण हिंदू म्हणून ओळखतो, तो बौद्ध आणि जैन यांच्या शेजारीच, त्यांच्याशी देवाणघेवाण करत आणि स्पर्धा करत आकाराला आला. सह्याद्रीत भाज्याचे चैत्यगृह ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातले. शिवाची मोठी लेणी जोगेश्वरीला आणि घारापुरीला व्हायला सहावे शतक उजाडावे लागले. डोंगर पोखरून उपासनास्थान करण्याची विद्या इथे आधी बौद्धांच्या पैशावर वाढली. म्हणून हे नाते बाप-लेकाचे नाही, भावांचे आहे, आणि ‘तुम्ही आमच्यातूनच निघालात’ हे वाक्य इतिहास म्हणून कच्चे आणि शेजारधर्म म्हणून उद्धट आहे.

दुसऱ्या बाजूचा आक्षेप जास्त गंभीर आहे. भाऊबंदकी हा गोंडस शब्द वापरून तुम्ही हिंसा झाकता आहात, असे कोणी म्हणेल. प्राचीन भारताचा इतिहास म्हणजे बौद्ध धर्म आणि ब्राह्मणी व्यवस्था यांचा प्राणांतिक संघर्ष, असे डॉ. आंबेडकरांनी क्रांती-प्रतिक्रांतीवरच्या आपल्या अपुऱ्या राहिलेल्या ग्रंथात मांडले. त्यातला गाभा मी मान्य करतो : जन्मावरून माणसाची पायरी ठरवायची की नाही, या प्रश्नावर तडजोड नव्हती आणि नाही. पण संघर्ष म्हणजे सतत तलवार असे नव्हे. पुष्यमित्र शुंगाने भिक्षूंच्या शिरांना बक्षीस लावल्याची कथा अशोकावदानात येते, ती काही शतकांनंतरची. त्याच शुंगकाळात सांचीचा स्तूप दगडाने मढवून मोठा झाला आणि भरहुतच्या तोरणावर शुंगांच्या राज्याचा उल्लेख कोरला गेला. गौडाचा राजा शशांक याने बोधिवृक्ष तोडल्याचे चिनी यात्रेकरू युआन श्वांगने लिहिले, तो शशांकाच्या वैऱ्याचा पाहुणा होता. तरी त्याचे सगळेच खोटे धरण्याचे कारण नाही. याच युआन श्वांगला चालुक्य राजा पुलकेशीच्या महाराष्ट्रात शंभरावर विहार आणि सुमारे पाच हजार भिक्षू दिसले आणि त्यांच्या शेजारी शंभरेक देवळे. पुलकेशीच्या राजमुद्रेवर वराह होता आणि त्याची प्रशस्ती 634 साली ऐहोळेला जैन रविकीर्तीने स्वतः बांधलेल्या जिनालयावर कोरली. अब्बलूर घडले ते त्यानंतर पाचशे वर्षांनी. मधल्या काळात काय बदलले, हे विचारायला हवे.

माझ्या मते बदलला तो पैशाचा रस्ता. सातवाहनकाळात बरेचसे दान रोखीचे होते, व्यापाऱ्यांचे आणि श्रेणींचे होते. एकाला दिल्याने दुसऱ्याचे कमी होत नसे. वाकाटकांपासून पुढे दान म्हणजे मुख्यतः जमीन आणि गावे. जमीन वाढत नाही. अग्रहार, देवस्थान, बसदी आणि विहार हे सगळे एकाच शिवाराचे दावेदार झाले आणि गावातल्या शेतकऱ्याचा, कारागिराचा देव कोणता यावर उत्पन्न ठरू लागले. भक्तिपंथांनी त्या शेतकऱ्याला त्याच्या भाषेत हाक मारली, आणि दक्षिणेत तरी जैनांशी सर्वांत कडवट भांडणे याच लोकाभिमुख शैवांची झाली. जैन टिकले, कारण त्यांनी श्रावकाचे घर, लग्न, उपास आणि व्यापार यांना नियमांत बांधले होते; मुनी नसले तरी समाज उरत होता. बौद्ध उपासकाला असे कुंपण नव्हते. विहार रिकामा झाला की त्याची ओळख आसपासच्या गर्दीत विरघळली. कोणी हाकलले नाही म्हणून अन्याय झाला नाही असे मात्र नव्हे. वाटणीत एका भावाचे नावच उताऱ्यावरून गेले, आणि पुढच्या पिढ्यांनी त्याच्या घराला पांडवलेणी म्हटले.

लेण्याद्रीला अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज बसला आहे तो वीस खोल्यांच्या बौद्ध विहारात. कार्ल्याच्या चैत्याच्या दारातच एकवीरा आहे. संत गोरोबांच्या तेरमधले त्रिविक्रमाचे देऊळ चैत्यगृहाच्या घडणीचे आहे. वेरूळचे दहावे लेणे सुताराची झोपडी म्हणून ओळखले जाते, कारण तिथल्या बुद्धाला सुतार मंडळी विश्वकर्मा समजून पुजत आली. यातले कोणतेही स्थान कोणी लढून घेतल्याचा पुरावा नाही. घर ओस पडले आणि दुसऱ्याने दिवा लावला, असाच बहुतेकांचा वृत्तांत दिसतो. म्हणून गिरिजात्मजाला उठवा असे मी म्हणणार नाही. पण दर्शनरांगेतल्या माणसाला आपण कुठे उभे आहोत हे कळायला हरकत कोणाची असावी? 2011 च्या जनगणनेनुसार देशातल्या 84 लाख बौद्धांपैकी 65 लाख आणि 44 लाख जैनांपैकी 14 लाख महाराष्ट्रात राहतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद 25 चे स्पष्टीकरण मंदिरप्रवेश आणि सामाजिक सुधारणेपुरते त्यांना ‘हिंदू’ शब्दात धरते. 1993 आणि 2014 च्या अधिसूचनांनी त्याच बौद्धांना आणि जैनांना राष्ट्रीय अल्पसंख्याक ठरवले. कायद्याला यात अडचण वाटत नाही, कारण वारसा एका कामासाठी सामाईक आणि दुसऱ्यासाठी विभक्त असू शकतो हे वकिलांना पक्के ठाऊक असते.

वेरूळला जाणारे बहुतेक लोक सोळाव्या लेण्याचा कैलास पाहून परततात. उत्तरेच्या टोकाला, जैन लेण्यांच्या सुरुवातीला, तिसावे लेणे आहे. लोक त्याला छोटा कैलास म्हणतात. कृष्ण राष्ट्रकूटाच्या शिवमंदिराची ती बरीच लहान प्रतिकृती आहे : तसाच अखंड कातळ वरून खाली कोरत नेलेला, तसाच प्रांगणाचा घाट, तसाच मंडप. दर्शनी भागात अनेक हातांचा इंद्र नाचतो आहे, तो पहिल्या नजरेला शिवाच्या तांडवासारखाच भासतो. गाभाऱ्यात मात्र महावीर स्थिर बसलेले आहेत. कोरणाऱ्यांच्या मनात आदर होता की चुरस, हे त्या कातळावरून ठरवता येत नाही. घर शेजारच्यासारखेच हवे होते आणि आत देव आपला हवा होता. काम मध्येच थांबलेले आहे. काही भागांवर छिन्नीचे घाव अजून तसेच उघडे दिसतात.